‘पैसे आलेत तुमचे, खात्यात बघा!’

“पोर्टलवर पैसे जमा दाखवतंय. आधी फी भरा, मग हॉलतिकीट.”

आज दुपारी एका कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर ऐकलेलं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये. समोर भांडुपहून आलेली एक आई होती, चार घरी स्वयंपाक करणारी. सोबत तिची इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगी. आईच्या हातात सकाळीच एन्ट्री मारून आणलेलं पासबुक होतं आणि त्यात भारत सरकार शिष्यवृत्तीचा एक रुपयाही नव्हता. “नाही आले हो साहेब,” ती तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं आणि पुढचा टोकन नंबर पुकारला गेला.

पैसे खरंच आले होते, पण दुसऱ्याच खात्यात.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आपण फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. एनपीसीआय या बँकांना जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असेल, त्यात जातात. या मुलीने मागे स्टेशनबाहेर छत्रीखालून सिमकार्ड घेतलं होतं. अंगठा दिला, आणि त्याच अंगठ्यावर सिम कंपनीच्याच पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं, आधारला जोडलंही गेलं. ते सिम आता बंद आहे. पैसे तिथे पडून आहेत आणि इथे हॉलतिकीट अडलंय.

हे बघायला दोन मिनिटं लागतात. मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की आधारला डीबीटीसाठी जोडलेल्या बँकेचं नाव दिसतं. नाव चुकीचं असेल तर आपल्या शाखेत जायचं, पण नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणायचं नाही. बँकवाले केवायसीचं, म्हणजे फक्त ओळखीपुरतं लिंक करून मोकळे होतात. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय’ असं सांगून तो फॉर्म भरायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघायचं. खिडकीवरच्या माणसाने एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर त्या बाईचा आजचा खाडा वाचला असता.

मान्य, त्या क्लार्कच्या टेबलावर शेकडो अर्ज असतात.

पण मग हे सांगायचं कोणी? ज्यांच्या घरात मूल बारावीला आहे त्यांनी कृपा करून ॲडमिशनची वाट बघू नका. कागद आधीच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते. म्हणजे जानेवारीत घाईने काढलेला दाखला जूनमध्ये रद्दी. एप्रिल उजाडला की लगेच अर्ज करा. निकालानंतर दाखल्यांच्या सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.

जात पडताळणी तर याहून आधी, अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. मुंबईतली बरीच घरं इथेच अडकतात, कारण जातीचा पुरावा गावाला असतो. अनुसूचित जातींसाठी 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 आणि ओबीसींसाठी 1967 च्या आधीचा कागद मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नाहीतर जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. गणपतीला गावी जाल तेव्हा शाळेला सुट्टी असेल, एक दिवस आधी पोहोचा.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर ‘योजनाच दिसत नाही’ म्हणून मुलं रडकुंडीला येतात. बहुतेक वेळा प्रोफाइलमध्येच चूक असते. कॅप राउंडने, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश झालेला असतो आणि टिक संस्थास्तराला (कॉलेजने स्वतः दिलेल्या प्रवेशाला) केलेली असते. उत्पन्नात एक शून्य जास्त पडलेलं असतं. नाहीतर दाखल्यावरचं आडनावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसतं. कागद 256 केबीच्या आत बसवायचा म्हणून इतका दाबतात की तहसीलदारांचा शिक्काच वाचता येत नाही, आणि अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन परत येतो. त्याचा मेसेज येईलच असं धरून चालू नका, दर आठवड्याला लॉगिन करून बघा. परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली समजा.

आणि मुलींच्या आईबापांनो, 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं यात नाहीत. तरीही काही ठिकाणी ‘आधी सगळी भरा, नंतर परत मिळेल’ सांगतात. भरू नका! शासन निर्णयाची प्रत मागा, लेखी द्या, पोच घ्या. तोंडी भांडणाचा उपयोग होत नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरलेली माणसं याच शहरात आहेत, आणि ती फी माफ होती हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चीड येते ती याची.

सायबर कॅफेवाला दोनशे रुपयांत फॉर्म भरून देतो. देऊ दे, गरज असते. पण युजरनेम, पासवर्ड आणि मोबाइल नंबर मुलाचाच टाका. कॅफेवाल्याचा नंबर टाकलात तर ओटीपीसाठी वर्षभर त्याच्याकडे हेलपाटे.

त्या मायलेकींना बाहेर बाकावर बसवून फोनवरच स्टेटस काढलं. बँकेचं नाव दिसल्यावर मुलीने ओळखलं, “आई, ते सिमवालं!” आई काही बोलली नाही. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीची घडी घातली आणि विचारलं, “म्हणजे पैसे आहेत ना?”

आहेत. खातं त्याच नंबरवर आहे, म्हणून तेच सिम पुन्हा चालू करून घ्यायला उद्या त्या कंपनीच्या दुकानात जायचंय, मुलीचं मूळ आधार घेऊन. हॉलतिकिटासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून झालाय, सीडिंग स्टेटसची प्रिंट जोडलीय. खिडकीवर न देता तो कॉलेजच्या आवक-जावक टेबलावर द्यायचाय, शिक्का मारून.