मोठ्या आयटी कंपनीत जाताय? कंपनीच्या नावाआधी प्रोजेक्ट विचारा

मोठी आयटी कंपनी चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. हिंजवडीतल्या एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एखाद्या बँकेची पेमेंट सिस्टीम नव्याने लिहिणारी टीम बसते आणि चौथ्या मजल्यावर रात्रपाळीत तिकिटं, म्हणजे सिस्टीम वापरणाऱ्यांच्या तक्रारी, बंद करणारी. दोन्हीकडच्या फ्रेशरचा पगार सारखा, आयकार्डही सारखंच. दोन वर्षांनी मुलाखतीला बसल्यावर मात्र दोघांची गत अगदी वेगळी होते. म्हणून लातूर, सांगली, जळगावच्या कॉलेजांतून कँपसमधून निवड झालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पगाराचं बघू. ऑफर लेटरवर ३.६० लाख लिहिलेलं असतं, घरचे त्याला १२ ने भागतात आणि महिन्याला ३०,००० धरून चालतात. तेवढे हातात येत नाहीत. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२१ याच ३०,००० मध्ये मोजलेले असतात. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के असेल तर ३,००० दरमहा मिळत नाहीत. ते बहुतेक ठिकाणी तिमाहीला, कंपनीच्या आणि तुमच्या युनिटच्या कामगिरीवर मिळतात, आणि कमीही होतात. विम्याचा हप्ता ५०० धरा. राहिले २३,९७९. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००; महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगाराच्या महिलांना माफ) गेला की हातात जेमतेम २२,००० उरतात. पुण्यात खोलीचं डिपॉझिट, मेस आणि प्रवास या आकड्यावर बसवा, ३०,००० वर नाही. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण ५ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. तीन वर्षांत नोकरी सोडली तर दरवर्षी पॅकेजमध्ये दाखवलेले साडेआठ हजार कधीच तुमचे होत नाहीत.

तरीही मोठ्या कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे आणि ते मी मनापासून बोलतो. मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांना पगार देऊन तीन-चार महिने जावा, एसक्यूएल शिकवणारं दुसरं ठिकाण मिळणं अवघड आहे. पीएफ वेळेवर भरला जातो. २६ आठवड्यांची प्रसूती रजा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती, रात्रपाळीतल्या मुलींना घरापर्यंत कॅब, या गोष्टी कायद्याने बहुतेक कंपन्यांना लागू असल्या तरी दहा-वीस माणसांच्या कंपनीत त्या मागून घ्याव्या लागतात. इथे त्या आपोआप चालू असतात. गृहकर्जाला बँक कंपनीचं नाव बघते, तो फायदाही खराच.

आता मुख्य मुद्दा, प्रोजेक्ट.

सर्व्हिस कंपनीची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या कंपनीची, कमाई क्लायंटला लावलेल्या बिलावर चालते. तुमचं बिल लागलं तर तुम्ही बिलेबल, नाही तर बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून. पूर्वी बेंचवर चार-सहा महिने शांतपणे निघून जायचे. जून २०२५ मध्ये टीसीएसने वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल आणि बेंच जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम आणला. त्यानंतर जुलैमध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. सरकारी नोकरीसारखी सुरक्षितता ही समजूत तेव्हाच संपली. बेंचवर असताना माणसांना प्रोजेक्ट वाटून देणाऱ्या रिसोर्स मॅनेजमेंट विभागाच्या फोनची वाट बघू नका. अंतर्गत पोर्टलवर प्रोफाइल दर आठवड्याला अपडेट करा आणि गरज असलेल्या प्रोजेक्टच्या मॅनेजरना थेट मेल करा.

बेंचची भीती इतकी असते की मुलं मिळेल त्या प्रोजेक्टला हो म्हणतात, आणि इथेच नुकसान होतं. हो म्हणण्याआधी मॅनेजरला चार गोष्टी विचारा. काम डेव्हलपमेंटचं आहे, टेस्टिंगचं आहे की सपोर्टचं? सपोर्ट असेल तर एल-वन (पहिली, सगळ्यात साधी पातळी), एल-टू की एल-थ्री (सगळ्यात अवघड)? माझं बिल लागणार का, की मी शॅडो, म्हणजे बिल न लागता नुसतं बघून शिकणारा? आणि कोड रिपॉझिटरीचा, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड जिथे ठेवतात त्या जागेचा, ॲक्सेस मिळणार का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर तिथे तुम्ही प्रोग्रामर होणार नाही, बाकी काहीही सांगोत.

एल-वनमध्ये काम असं चालतं: तिकीट येतं, ठरावीक मिनिटांत उचलायचं, एसओपीमधल्या (लेखी कार्यपद्धतीतल्या) पायऱ्या करायच्या, जमलं नाही तर वर पाठवायचं. सहा महिन्यांत सगळं पाठ होतं, शिकणं तिथेच थांबतं. दीड वर्षापेक्षा जास्त तिथे राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सुटायचं कसं? नुसतं ‘मला रिलीज द्या’, म्हणजे प्रोजेक्टमधून मोकळं करा, म्हटलं तर मॅनेजर ‘क्लायंट सोडत नाही’ म्हणतो. तो अनेकदा खोटं बोलत नसतो, कारण सिस्टीमची माहिती फक्त तुमच्या डोक्यात असते. म्हणून आधी ती कागदावर आणा. वारंवार येणारी १५-२० तिकिटं निवडून प्रत्येकाची पायरीवार नोंद लिहा. बदली माणूस मागा, त्याला चार ते सहा आठवडे केटी द्या, म्हणजे काम समजावून सोपवा, आणि मग उलट केटी घ्या: तो समजावून सांगेल, तुम्ही ऐका, क्लायंटचा माणूस कॉलवर असू द्या. मग रिलीजची तारीख मेलवर मागा. तोंडी आश्वासन पुढच्या अप्रेझलपर्यंत टिकत नाही. तोपर्यंत त्याच तिकिटांपैकी दोन-तीन पायथन किंवा शेल स्क्रिप्टने आपोआप सुटतील असं करा. मुलाखतीत सपोर्टच्या अनुभवातलं सांगण्यासारखं तेवढंच असतं.

गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टसारख्या प्रॉडक्ट कंपन्यांचं, म्हणजे स्वतःची उत्पादनं बनवणाऱ्यांचं, गणित वेगळं. तिथे पगार मोठा, कोड रिव्ह्यू कडक, आणि कोट्यवधी लोक वापरतात अशी सिस्टीम बंद पडू न देता कशी बदलायची हे शिकायला मिळतं. उणीव अशी की बरीच साधनं आतल्या आतच वापरली जातात. अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायचं साधन गूगलमध्ये बॉर्ग, बाहेर बहुतेक ठिकाणी कुबरनेटीज. चार वर्षांनी बाहेर पडल्यावर काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. नोकरीची खात्री तिथेही नाही: जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं.

शेअरच्या रूपात मिळणाऱ्या रकमेबद्दल मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्या. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी फक्त ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ टक्के आणि उरलेले ८० टक्के पुढच्या दोन वर्षांत, अशी वाटणी प्रचलित आहे. दीड वर्षात सोडलं तर ऑफरमधला मोठा आकडा कागदावरच राहतो. दुसरं, शेअर खात्यात आले त्या दिवसाच्या भावावर पगारासारखा कर लागतो. नंतर भाव पडला तरी तो कर परत मिळत नाही. परदेशी शेअर असतील तर प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची माहिती कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरावी लागते. हे कितीतरी जण विसरतात आणि नोटीस आल्यावर धावपळ करतात.

मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याच्या कराराला, म्हणजे बाँडला, कायद्यात अर्थ नसतो, असं सीनियर मुलं छातीठोकपणे सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात अशीच २ लाखांची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं असलं तरी, सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका.

नोटीस पिरियड बहुतेक मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत ९० दिवसांचा. नवी कंपनी ३० दिवसांत बोलावते, त्यात मुलं अडकतात आणि काही जण सरळ जायचं बंद करतात. असं कधीही करू नका. रिलीव्हिंग लेटर नसेल तर पुढच्या कंपनीच्या पडताळणीत अडकता, आणि यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या क्रमांकात) दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर आलेल्या लगेच दिसतात. बायआउटची, म्हणजे उरलेल्या नोटीसच्या बदल्यात भरायची, रक्कम बेसिकवर मोजतात की एकूण पगारावर, हे पॉलिसीत आधी बघा. फरक दुपटीचा पडू शकतो.

आणि राजीनामा देण्याआधी आईवडिलांच्या मेडिक्लेमचं बघा. कंपनीचं कव्हर सहसा शेवटच्या दिवशीच संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोटीस पिरियडमध्येच करा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षा काळातला पूर्ण झालेला भाग वाया जात नाही. सगळ्या पगाराच्या पावत्या डाउनलोड करून ठेवा, पीएफच्या पोर्टलवर स्वतःचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते तपासा, आणि फॉर्म १६ साठी (पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्यासाठी) एचआरकडे खाजगी ईमेल द्या. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की यातलं प्रत्येक काम चार-चार मेल करून मागावं लागतं.