बढती, घसरण आणि वाटणीचा हिशेब

इंग्लंडच्या फुटबॉलमधला सर्वांत वरचा विभाग असलेल्या प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ च्या हंगामात खालच्या विभागातून वर आलेले तिन्ही क्लब, म्हणजे ल्यूटन टाउन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, वर्षभरातच परत खाली गेले. पुढच्या हंगामात लेस्टर सिटी, इप्सविच टाउन आणि साउथॅम्प्टन वर आले आणि तेही तिघे तसेच माघारी गेले. सलग दोन वर्षे असा प्रकार त्या लीगमध्ये त्याआधी कधीच घडला नव्हता. एकाच हंगामात तिघेही परतल्याचे आधीचे उदाहरण थेट १९९७-९८ चे आहे. आमच्या वणी तालुक्यात रात्री जागून मोबाइलवर हे सामने पाहणारी बरीच मुले आहेत आणि त्यांचा यावरचा निकाल एका वाक्याचा असतो : त्या क्लबांची लायकीच नव्हती. मला तो निकाल मान्य नाही. बढती आणि घसरण ही खेळातली सर्वांत न्याय्य व्यवस्था आहे असे मी मानतो, परंतु वरच्या आणि खालच्या विभागांतील पैशांचे अंतर आवाक्यात असेल तोवरच. ते अंतर बेसुमार वाढले की नियम तेच राहतात, गुणतक्ताही तोच राहतो, आणि कोण खाली जाणार हे मात्र पहिल्या सामन्याआधीच बहुतांशी ठरून गेलेले असते.

आकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. २०२३-२४ मध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या शेफील्ड युनायटेडला लीगकडून सुमारे ११ कोटी पौंड मिळाले आणि विजेत्या मँचेस्टर सिटीला सुमारे साडेसतरा कोटी. पहिल्या आणि शेवटच्या क्लबात दुपटीचाही फरक नाही. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशांपैकी निम्मी रक्कम सर्व २० क्लबांना सारखी, पाव हिस्सा क्रमांकानुसार आणि पाव हिस्सा किती सामने दाखवले गेले त्यानुसार, असे तिथले सूत्र आहे. परदेशांतून येणारा पैसा तर पूर्वी सगळ्यांना समसमानच वाटला जाई. २०१९ पासून त्यातल्या वाढीव रकमेला क्रमांकाची अट लागली, ती मोठ्या क्लबांच्या आग्रहामुळे. तरीही लीगच्या आत पाहिले तर ही वाटणी बरीच समंजस म्हणावी लागेल. अडचण उंबरठ्यापलीकडे आहे. त्याच्या एकच पायरी खाली असलेल्या चॅम्पियनशिपमधल्या साध्या क्लबाला स्वतःच्या लीगकडून आणि प्रीमियर लीगच्या मदतीतून मिळून जे मिळत होते, ते शेफील्ड युनायटेडच्या त्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याइतकेही भरत नव्हते. विसाव्या आणि एकविसाव्या क्रमांकाच्या क्लबांच्या खेळात दहा पटींचा फरक असू शकत नाही, पण त्यांच्या खात्यांत तो असतो.

या दरीवर उपाय म्हणून पॅराशूटची रक्कम दिली जाते. प्रीमियर लीगमधून खाली गेलेल्या क्लबाला समान वाटणीतल्या रकमेचा पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तो वर एकाहून अधिक हंगाम राहिलेला असेल तर तिसऱ्या वर्षी २० टक्के हिस्सा मिळतो. पहिल्या वर्षाची ही रक्कम साडेचार कोटी पौंडांच्या पुढे जाते. हेतू वाईट नव्हता. खेळाडूंशी तीन-चार वर्षांचे करार झालेले असतात, उत्पन्न मात्र एका रात्रीत आटते, आणि अशा वेळी क्लब बुडू नये म्हणून हा आधार आहे. परंतु त्याचा परिणाम खालच्या विभागावर काय होतो ते पाहावे. तिथे २४ संघ एकाच स्पर्धेत खेळतात आणि त्यांतल्या मोजक्या संघांच्या हातात इतरांच्या कितीतरी पट पैसा असतो. ते दोन-तीन वर्षांत वर जातात, वर टिकत नाहीत, पुन्हा खाली येतात आणि पुन्हा पॅराशूट घेतात. नॉर्विच सिटी २०२० मध्ये खाली, २०२१ मध्ये वर, २०२२ मध्ये पुन्हा खाली. बर्नली २०२३ मध्ये वर, २०२४ मध्ये खाली, २०२५ मध्ये पुन्हा वर. पॅराशूट न मिळालेल्या क्लबाचा मालक यांच्याशी बरोबरी साधायची म्हणून ऐपतीबाहेर पगार देतो, आणि मग कर्जाचे जे व्हायचे ते होते.

पॅराशूट बंद केले तर वर आलेला कोणताही क्लब भीतीपोटी खेळाडूंवर खर्चच करणार नाही, असा युक्तिवाद वरच्या क्लबांकडून होतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. क्लब खाली गेला तर पगार आपोआप अमुक टक्के कमी होईल, असे कलम करारात घालता येते आणि अनेक क्लब ते घालतातही. ते सक्तीचे केले आणि पॅराशूटचा पैसा खालच्या संपूर्ण विभागात वाटला, तर पडणाऱ्यासाठी वेगळ्या आधाराची गरजच कमी होईल, कारण पडण्याची उंचीच घटेल. खालच्या तीन विभागांची संघटना असलेल्या इंग्लिश फुटबॉल लीगचे अध्यक्ष रिक पॅरी यांनी हीच मागणी वर्षानुवर्षे लावून धरली : पॅराशूट रद्द करा आणि प्रक्षेपणाच्या एकत्रित उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा खाली द्या. प्रीमियर लीगच्या स्थापनेच्या वेळी तिचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी हेच पॅरी होते, ही त्यातली गंमत. आता २०२५ च्या कायद्याने तिथे स्वतंत्र नियामक आला असून, वाटणीचा वाद मिटलाच नाही तर त्यात निर्णय देण्याचा अधिकार त्याला मिळाला आहे.

पैसाच सर्व काही ठरवतो, असे मात्र मी म्हणणार नाही. ल्यूटन टाउन २०१४ पर्यंत पहिल्या चारही विभागांच्या बाहेर होता. त्यांच्या केनिलवर्थ रोड मैदानात पाहुण्या प्रेक्षकांना जायची वाट चक्क राहत्या घरांच्या ओळीतून आहे. दोन घरांच्या मधून शिरायचे आणि लोकांच्या परसबागांवरून गेलेल्या लोखंडी जिन्याने वर चढायचे. असा क्लब नऊ वर्षांत प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. आणि नंतर पॅराशूट हाती असतानाही २०२५ मध्ये आणखी एक विभाग खाली गेला.

ही दरी निसर्गाने केलेली नाही, ती माणसांनी ठरावांनी केली आहे. १९८३ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये यजमान क्लबाला तिकिटांच्या पैशांतला वाटा पाहुण्या क्लबाला द्यावा लागे. मोठ्या मैदानांच्या क्लबांनी तो बंद करून घेतला. प्रक्षेपणाचा पैसा एके काळी चारही विभागांतल्या ९२ क्लबांत सारखा वाटला जाई. १९८६ मध्ये पहिल्या विभागाने वेगळे होण्याची धमकी देऊन त्यातला निम्मा हिस्सा पदरात पाडून घेतला, आणि १९९२ मध्ये तो विभाग प्रीमियर लीग म्हणून खरोखरच वेगळा झाला. प्रत्येक वेळी कारण तेच सांगितले गेले की लोक आम्हाला पाहायला येतात. लोक सामना पाहायला येतात आणि सामन्याला दोन संघ लागतात, हे कोणी तरी त्या बैठकांत बोलले असेलच. ऐकले नाही एवढेच. लहान-मोठे सर्व स्तरांतले क्लब जिथे एकमेकांशी खेळतात त्या एफए कप स्पर्धेत तिकिटांची वाटणी अजून टिकून आहे. तेव्हा पाचव्या स्तरावर असलेल्या एक्झिटर सिटीने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखले, त्या सामन्याच्या आणि फेरसामन्याच्या पैशांनी चाहत्यांच्या मालकीचा तो क्लब कर्जातून सावरला. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे फेरसामनेच रद्द झाले आहेत. मोठ्या क्लबांना वेळ नाही म्हणे.

आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगावी कबड्डीचे खुले सामने होतात, त्यांच्यात हेच लहान प्रमाणात दिसते. फ्लेक्सवर पहिले बक्षीस कोणाकडून, दुसरे कोणाकडून हे मोठ्या अक्षरांत असते आणि प्रवेश फी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत. ग्रामीण गट आणि खुला गट वेगळे असतात, ग्रामीण गटात जिंकलेला संघ उत्साहाने पुढच्या वर्षी खुल्या गटात नाव देतो, तिथे बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या संघाकडून पहिल्याच फेरीत हरतो, आणि प्रवेश फी व गाडीचे भाडे अंगावर पडले की त्याच्या पुढच्या वर्षी तो संघच उभा राहत नाही. मात्र आमच्या परिसरातली काही मंडळे पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी ठेवून आलेल्या प्रत्येक संघाला जेवण आणि जाण्या-येण्याचा खर्च देतात, आणि त्यांच्याकडे तेच संघ हरूनही दरवर्षी परत येतात. प्रीमियर लीगमधली समान वाटणी तत्त्वतः याहून वेगळी नाही. फक्त तिथे ती मांडवात बसलेल्या वीस जणांपुरतीच आहे.

दुसऱ्या टोकाला दरवाजेच बंद ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरमध्ये घसरण नाही, आणि तिथल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा सर्व संघांत अगदी सारखा वाटला जातो, शिवाय शेवटच्या संघाला नव्या खेळाडूंची पहिली निवड मिळते. भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या देशात ही समता आहे, पण ती सभासदांपुरती. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली तेव्हा संस्थापकांना कायमची जागा, घसरणीची भीतीच नको, असा बेत होता. चाहते रस्त्यावर उतरले आणि सहाही इंग्लिश क्लब दोन-तीन दिवसांत माघारी फिरले. वाटणीविना घसरण आणि घसरणीविना वाटणी या दोन्हींतून शेवटी जुन्याच घरांचे हित साधले जाते.

आपली फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये बंद दरवाज्यानेच सुरू झाली. पुढे ठरलेल्या आराखड्यानुसार तिच्या खालच्या आय-लीगच्या विजेत्याला वर घेणे सुरू झाले. २०२३ मध्ये पंजाबचा क्लब आणि २०२४ मध्ये १८९१ साली स्थापन झालेला कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग वर आला. मोहम्मडन पहिल्याच हंगामात १३ संघांत शेवटचा राहिला, पण त्या वर्षी घसरण लागू नव्हती. मग जुलै २०२५ मध्ये हक्कांच्या कराराचा घोळ होऊन लीगच काही काळ स्थगित ठेवावी लागली. अशा स्थितीत काही मित्र म्हणतात, की आधी लीग उभी राहू द्या, घसरणीचे नंतर पाहू. मला हा क्रम पटत नाही. खाली जाण्याची भीती नसलेल्या लीगमध्ये तळाच्या संघांचे शेवटचे पाच-सहा सामने कोण आणि कशासाठी पाहणार? परंतु आय-लीगमधल्या क्लबांना प्रक्षेपणाच्या पैशांतला निश्चित हिस्सा न देता घसरण आणली, तर पहिला पडलेला क्लब सरळ कुलूप लावेल, हेही तितकेच खरे.

वाटणीने काय साधते याचे उदाहरण आपल्या विदर्भाच्याच क्रिकेटमध्ये आहे. रणजी स्पर्धेत वरचा एलिट आणि खालचा प्लेट असे गट असतात आणि त्यांत बढती-घसरणही असते. विदर्भाने कित्येक वर्षे प्लेट गटात काढली. पण भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या उत्पन्नातला राज्य संघटनांचा हिस्सा प्लेटमध्ये असताना थांबला नाही. त्या काळात जामठ्याचे मैदान झाले, २००९ मध्ये निवासी अकादमी झाली, आणि २०१७-१८ मध्ये फैज फजलच्या संघाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला. नंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही तो आला. खालच्या गटात गेलात म्हणून हिस्सा दहावा, असा नियम असता तर ती अकादमी झाली असती असे मला वाटत नाही.

स्पेनमधल्या एइबारचा दाखलाही आमच्यासारख्यांना जवळचा वाटावा असा आहे. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे, सुमारे २७ हजार वस्तीचे ते गाव. २०१४ मध्ये त्यांचा क्लब पहिल्या विभागात पोहोचला, कर्ज एका पैशाचेही नव्हते, तरी भागभांडवल दुसऱ्या विभागातल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या मानाने अपुरे आहे म्हणून कायद्याने अडवले. जवळपास १७ लाख युरो उभे करायचे होते. क्लबाने समभाग विकले आणि जगभरातल्या अनोळखी लोकांनी ते थोडे थोडे विकत घेतले. तोवर स्पेनमध्ये प्रत्येक क्लब आपले प्रक्षेपणहक्क स्वतः विकत असे आणि रेआल माद्रिद व बार्सिलोना यांच्या वाट्याला लहान क्लबांच्या कितीतरी पट रक्कम जाई. २०१५ मध्ये सरकारने वटहुकूम काढून हक्क एकत्र विकणे सक्तीचे केले आणि पहिल्या विभागाच्या रकमेतला निम्मा हिस्सा समान केला. एइबार २०२१ पर्यंत वर टिकला. अर्थात नशीबही होते : २०१५ मध्ये ते घसरणीच्या जागेवरच होते, पण एल्चे क्लबाला थकबाकीमुळे खाली पाठवल्याने वाचले.

आता आपल्या पातळीवर काय करता येईल ते पाहू. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. पण त्यासाठी तो मुलगा त्या वयात त्या क्लबाकडून रीतसर नोंदलेला असावा लागतो. खाणवसाहतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवणाऱ्याकडे वही असते, नोंदणी नसते, त्यामुळे उद्या एखादा मुलगा फार पुढे गेलाच तरी त्या वहीला काही मिळणार नाही. म्हणून पहिली गरज तालुका पातळीवर फुकट नोंदणीची आहे. दुसरे म्हणजे जिल्ह्याच्या लीगमध्ये प्रवेश शुल्क विभागाप्रमाणे चढते ठेवावे, वरच्या विभागाच्या शुल्कातून खालच्या संघांचा प्रवासखर्च भागवावा, आणि नुकत्याच घसरलेल्या संघाचे पुढच्या एका वर्षाचे शुल्क माफ करावे, एकाच वर्षाचे, म्हणजे त्याचे पॅराशूट होणार नाही. यासाठी ना दूरचित्रवाणीचा करार लागतो ना दिल्लीचा आराखडा. जिल्हा संघटनेच्या वार्षिक सभेत एक ठराव मांडून तो मंजूर करून घेतला तरी पुरे.