पस्तीस पाउंडाचा किल्ट होतो तरी कसा?

एडिनबराच्या मेडोज मैदानावर क्रिकेट झालं की आम्ही पाचसहा मराठी टाळकी तिथल्या एका बुटक्या भिंतीवर बसतो, कट्टा म्हणायचा तर तोच. परवा विषय काढला सोलापूरकराने. ऑफिसातल्या दोस्ताचं लग्न, सगळे किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो चुणीदार घागरा, घालणार, आणि हा रॉयल माइल या टुरिस्टांच्या रस्त्यावरनं फोटो काढून आलेला. एका दुकानात पस्तीस पाउंड, चार दुकानं सोडून पाचशेच्या वर. "दोन्ही चौकड्याचेच आहेत की राव, मग पाचशेवाला सरळ लुटतोय ना?"

इचलकरंजीकराच्या घरी लूम होते, त्यामुळे कापडाचा विषय निघाला की त्याला गप्प बसवत नाही. म्हणाला आधी कापड मोज. पारंपरिक किल्टला आठ वार लोकरीचं टार्टन, म्हणजे ते चौकड्याचं कापड, लागतं. सोलापूरकर लगेच, "म्हणजे नऊवारीला एक वार कमी!" हो, पण हे आठ वार अर्ध्या पन्ह्याचे. मोठ्या पन्ह्याचं चार वार घ्यायचं, मधोमध उभं चिरायचं, दोन पट्ट्या जोडायच्या आणि जोड प्लीटच्या, म्हणजे घडीच्या, आत लपवायचा. खाली दुमडून शिवत नाहीत, कापडाची किनारच खाली येते, त्यामुळे कापताना चुकलं की गेलं. लोकर वाराला पंचावन्न पाउंड धरली तरी कापडाचेच दोनशे वीस झाले.

सीए तोपर्यंत मोबाइलवर आकडेमोड करत होता. हाताने शिवायला वीसेक तास. इथला किमान पगार २०२५ च्या एप्रिलमध्ये तासाला १२.२१ पाउंड झाला होता, तो धरला तर २४४. कापड धरून साडेचारशेच्या वर, अजून दुकानाचं भाडं नाही, पट्टे-बकल नाहीत, वीस टक्के व्हॅट नाही. "आणि तू म्हणतोस लुटतोय! उलट पाचशेत कसं भागतं हेच मला कळत नाहीये." मग स्वतःच हसून म्हणाला, इथे लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट शून्य आहे, तू कंबर बारीक कर.

"ठीकाय, मग कॅज्युअल किल्ट शंभरात का नाही मिळत?" खरं भांडण इथे सुरू झालं. नागपूरकर म्हणाला सोप्पंय, लोकरीऐवजी पॉलिस्टर-व्हिस्कोज घे, आठ वाराचे पाच कर, मशीनवर शिव, झालं. सीएने गणित मांडलं. पाच वार म्हणजे मोठ्या पन्ह्याचं जेमतेम अडीच वार, सोळा पाउंडाने चाळीस. पट्टे, बकल, दोरा आठ. मशीनवर पाच तास धरले तर एकसष्ट. एकशेनऊ, व्हॅट धरून एकशेतीसच्या वर, नफा अजून कुठेच नाही. कापड अजून स्वस्त घेऊन वारामागे चार पाउंड वाचवले तरी फरक दहाचा. पाचाचे तीन तास केले की चोवीस वाचतात. खर्च वेळेत आहे, कापडात नाही.

"पण पाच तास जातात कुठे? दहावीस घड्याच तर घालायच्यात." यावर इचलकरंजीकराने फोटो झूम करून दोन्ही किल्टची मागची बाजू दाखवली. महागड्यात प्रत्येक प्लीट अशी पाडलेली की दुमडल्यावरही चौकडा सलग दिसतो, जणू कापड दुमडलेलंच नाही. म्हणजे प्लीट किती खोल घ्यायची ते टार्टनचा रिपीट, म्हणजे चौकडा किती अंतराने पुन्हा येतो ते, ठरवतो, शिवणारा नाही. शिवाय कंबर नितंबापेक्षा कमी, म्हणून प्रत्येक प्लीट वर निमुळती करत नितंबापर्यंत शिवून बसवायची आणि तिथून खाली मोकळी सोडायची. पस्तीसवाल्यात तांबडी पट्टी वाट्टेल तिथे तुटलेली, घड्या इस्त्री मारून नुसत्या कंबरपट्टीत अडकवलेल्या. पोटापासनंच फुगतो तो, शाळेच्या स्कर्टसारखा. आता हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर मीही मागच्या वर्षी पाहुण्यांसाठी दोन घेतले नसते, असो.

नागपूरकर हटेना. "मग साधं एकरंगी कापड घ्या ना, जुळवाजुळवच नको." मुद्दा बरोबर होता. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या युटिलिकिल्ट्स कंपनीने २००० साली तेच सुरू केलं, जाडं सुती कापड आणि मोठे खिसे. पण इचलकरंजीकर म्हणाला जुळवणीचा वेळ वाचवायचा आणि तोच खिशात घालायचा, असला खिसा शिवणं हे काय फुकटचं काम नाही.

सियालकोटचं नाव निघालं तेव्हा आवाज जरा चढले. पाकिस्तानातलं हे शहर, बॅगपाइपही तिथे बनतात आणि किल्टही, स्वस्तातला बराच माल तिथलाच. एकाचं म्हणणं तिथली मजुरी मारूनच पस्तीस होतात, दुसरा म्हणाला अरे तिथले कारीगर पिढीजात, पस्तीसचं मागितलं तर पस्तीसचं देणार, जास्त दे आणि बघ. मला दुसऱ्याचं जास्त पटलं. ऑर्डर देणारा दुकानदारच तास कापून मागतो तर शिवणारा काय करेल.

सोलापूरकराला मधेच परंपरा आठवली, "पण पाच वाराचा म्हणजे नकलीच की." हे साफ चूक. १७९० च्या दशकातले जुन्यातले जुने शिवलेले किल्ट साधारण चार वाराचेच, रुंद बॉक्स प्लीटचे. आठ वाराचा थाट नंतरचा. त्यामुळे वार कमी करा, हातशिलाई सोडा, काही बिघडत नाही. चौकडा बिनधास्त तुटू द्या, पबमध्ये कोण बघतंय. फक्त नितंबापर्यंतची ती शिलाई वगळू नका, माझं मत विचाराल तर कॅज्युअल किल्टमध्ये पैसे खर्चायची ती एकच जागा आहे.

"एकच दिवस घालायचाय तर भाड्याने घे ना!" सीए एवढा वेळ हे का बोलला नाही देव जाणे. सोलापूरकर म्हणाला छे, मरेफिल्डला रग्बी बघायलाही घालणारे, जर्सी आणि बुटांवर. मग सीएने परत मोबाइल काढला, वर्षाला किती मॅच, एका वेळचं भाडं किती, आणि पुढच्या शनिवारी टेप घेऊन ये म्हणाला, कंबर, नितंब, लांबी तिन्ही मापं घेऊ, तू कंबर खोटी सांगतोस.