नाउरू ‘फुकट खाऊन बुडाला’ म्हणे! जरा थांबा

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतोच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रशांत महासागरात नाउरू नावाचा एक देश होता, पक्ष्यांच्या शिटेच्या डोंगरावर बसून आयता श्रीमंत झाला, सरकारने सगळं फुकट वाटलं, लोकांनी कामं सोडली, घरकामाला परदेशी नोकर ठेवले, लॅम्बोर्गिनी घेतल्या, खाऊन खाऊन जाडे झाले, स्वतःचंच बेट पोखरून संपवलं आणि आता भीक मागतायत. खाली तात्पर्य, फुकट वाटाल तर आपलाही नाउरू होईल.

फुकट वाटपाबद्दल तुमचं जे काही मत असेल ते असो, मी त्यावर भांडत नाहीये. पण त्यासाठी बिचाऱ्या नाउरूला कशाला राबवताय? एकेक मुद्दा घेऊ.

पहिलं म्हणजे ‘देश होता’. अहो, आहे की. २१ चौरस किलोमीटर, साधारण १२ हजार माणसं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असे चार नाउरू आरामात बसतील. किनाऱ्याने एकच रस्ता सगळ्या बेटाला फिरून येतो, जेमतेम १९ किलोमीटर. अधिकृत राजधानीच नाही, पार्लमेंट यारेन नावाच्या भागात आहे. झेंड्यावर निळ्या रंगात पिवळी आडवी रेघ म्हणजे विषुववृत्त आणि त्याच्या जरा खाली बारा टोकांचा तारा, म्हणजे नाउरूच्या बारा मूळ कुळांचं बेट. एवढा नेमका नकाशा किती देशांच्या झेंड्यावर असतो सांगा.

दुसरं, ‘शिटेवर बसून आयते श्रीमंत’. फॉस्फेट म्हणजे ज्यापासून खत बनवतात तो खनिज दगड, तो नेमका बनला कसा यावर अजून वाद आहेत, ते सोडा. पण श्रीमंत झालं कोण हे बघा. सिडनीत एका कंपनीच्या ऑफिसात नाउरूहून आणलेला दगड दार अडवायला ठेवलेला होता, सगळ्यांना वाटायचं ते दगड झालेलं लाकूड आहे. अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला शंका आली, त्याने तपासून घेतला तर निघालं उत्तम दर्जाचं फॉस्फेट. तेव्हा बेट जर्मनीच्या ताब्यात होतं. १९०७ च्या सुमारास खाणकाम सुरू झालं आणि जमिनीच्या मालकाला मिळायचा टनामागे अर्धा पेनी. अर्धा! याला आयतं म्हणायचं तर कुणासाठी ते बघून म्हणा.

आता तिसरा मुद्दा, मेसेजचा गाभाच हा आहे: ‘स्वतःचंच बेट स्वतः पोखरलं’. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी आपापसात करार करून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाची यंत्रणा उभी केली आणि माल वाटून घेतला, ४२ टक्के, ४२ टक्के आणि १६ टक्के. दर काय, तर बाजारभाव नाही, खर्चाला येईल तेवढा. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याला स्वस्त खत मिळावं म्हणून नाउरूची जमीन खरवडली जात होती आणि ज्यांची जमीन ते करारात कुठेच नव्हते. मेसेजमध्ये ही साठ वर्षं गायब आहेत, गोष्ट डायरेक्ट १९६८ पासून, म्हणजे स्वातंत्र्यापासून, सुरू होते, जसं काही बेट तोवर कोऱ्या पाटीसारखं होतं.

आणि त्या साठ वर्षांत नुसती खाण नव्हती हो. १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाने इतकी माणसं गेली की वंशच टिकतो की नाही अशी भीती होती. टिकायला निदान १५०० माणसं हवीत असं ठरलं होतं आणि १९३२ मध्ये तो आकडा गाठला तेव्हा केवढा आनंद झाला, तोच दिवस अजून २६ ऑक्टोबरला ‘अंगाम दिन’ म्हणून पाळतात. मग दुसऱ्या महायुद्धात जपान आला, त्यांनी १२०० नाउरूवासीयांना प्रशांत महासागरातल्याच दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. परत किती आले? ७३७. ते परतले ३१ जानेवारी १९४६ ला, आणि स्वातंत्र्याची तारीखही मुद्दाम तीच घेतली, ३१ जानेवारी १९६८. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाने ‘तुमचं बेट आता राहण्यासारखं राहणार नाही, क्वीन्सलँडच्या कर्टिस बेटावर या’ असा प्रस्तावही दिला होता. यांनी नाही म्हटलं, कारण तिथे गेलो तर आपण नाउरू म्हणून संपू हे त्यांना कळत होतं. आळशी आणि बिनडोक माणसं असा निर्णय घेतात का?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा खाणीची यंत्रसामग्रीसुद्धा फुकट मिळाली नाही, २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन विकत घ्यावी लागली. नंतर १९८९ मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, की आधी खणलेली जमीन पूर्ववत करा. १९९२ मध्ये कोर्टाने केस ऐकण्याजोगी आहे असं म्हटल्यावर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने कोर्टाबाहेर १० कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली. ज्यांनी काही केलंच नाही ते एवढे पैसे कशाला मोजतील?

हां, आता प्रामाणिकपणे: खणलेल्या जमिनीतला मोठा हिस्सा स्वातंत्र्यानंतरचा आहे, हे खरं. पैसा उधळला हेही खरं. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्न जगात अगदी वरच्या रांगेत होतं, टॅक्स नव्हता. पण देश लॅम्बोर्गिनीने बुडत नाही हो, गाडीची गोष्ट फक्त ऐकायला मजेशीर आहे म्हणून चालते. खरे पैसे गेले फॉस्फेटची कमाई साठवायला काढलेल्या ट्रस्टच्या गुंतवणुकीत आणि सरकारी हौसेत. मेलबर्नला ५२ मजली नाउरू हाऊस बांधलं, ते २००४ मध्ये विकावं लागलं. स्वतःची एअरलाईन चालवली. लंडनमध्ये १९९३ ला लिओनार्दो दा विंचीवरच्या एका म्युझिकलला पैसे दिले आणि ते काही आठवड्यांत गुंडाळलं. हे सगळं ठरवणारे होते मूठभर पुढारी आणि बाहेरून आलेले सूटवाले सल्लागार. कुणाच्या घरी मोलकरीण होती म्हणून हे झालं नाही.

‘खाऊन जाडे’ यावर फार लिहायला नको वाटतं, कारण त्यात फक्त टिंगल आहे. डायबेटीस आणि लठ्ठपणा तिथे खूप आहे, खरंच खूप. पण बेटाचा मधला जवळजवळ सगळा भाग खणून चुनखडीचे सुळके उरले असतील तर भाजी कुठे लावणार? पूर्वी नारळ, केवड्याच्या जातीच्या पॅन्डॅनसची फळं आणि बुआडा तळ्यात वाढवलेले मासे असं खाणं होतं, आता तांदूळ आणि डबाबंद मांस जहाजातून येतं. आणि हाच तो ‘आळशी’ देश ज्याच्या मार्कस स्टीफनने वेटलिफ्टिंगमध्ये कॉमनवेल्थची सात सुवर्णपदकं मिळवली, नंतर तो राष्ट्राध्यक्षही झाला.

राहिलं ‘भीक’. आज तिथलं उत्पन्न येतं दोन ठिकाणांहून. एक म्हणजे ऑस्ट्रेलियाने २००१ पासून (मध्ये काही वर्षं सोडून) तिकडे ठेवलेली निर्वासितांची छावणी, त्याबद्दल मला काही चांगलं बोलवत नाही. दुसरं ट्यूना मासे. १९८२ च्या नाउरू करारात सात बेटदेश एकत्र आले (नंतर तुवालू धरून आठ) आणि आता परदेशी बोटींना त्यांच्या समुद्रात मासेमारीचे दिवस विकत घ्यावे लागतात. एकेकाळी टनामागे अर्धा पेनी घेणाऱ्यांच्या देशात झालेला हा करार आहे, भाव आता विकणारे ठरवतात.

आणि शेवटचं, ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं ‘आपला काय संबंध?’ आहे थोडा. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू यांनी मिळून काढली होती, भागीदारीत. १९९३ मध्ये नाउरू बाहेर पडला. पुढे २००२ मध्ये ती झुआरी या दुसऱ्या खत कंपनीवाल्यांच्या गटाकडे गेली आणि २०२२ मध्ये तिनेच झुआरीचा गोव्यातला खत कारखाना घेतला. आमच्या मामांच्या गोठ्यात ‘जय किसान’ छापलेल्या रिकाम्या गोण्या अजून शिवून वापरतात, ते खत याच कारखान्याचं.