दाखल्यावरची तारीख

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचा आमचा कट्टा. भडंगाचा पुडा नुकताच सोडला होता, तोवर बापू आले ते तापलेलेच.

"फाशीच्या माणसाचं वकीलपत्र घेतलंस म्हणे?"

"घेतलं. सरकारच्या मोफत विधी सेवेकडून आलंय, अपिलाचं."

"उद्या माझ्या नातीला कुणी जिवे मारलं तर त्याच्याकडनं पण उभा राहशील?"

बापूंची नात सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, "नाही बापू, तेव्हा मी तुमच्याशेजारी बसेन. पण त्या माणसाला वकील नसेल तर तो खटलाच मला मान्य होणार नाही."

"शब्दांचे खेळ!" अण्णा म्हणाले. "कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणींची फाशी तुम्ही वकिलांनीच लांबवून घालवली की!"

ती केस आमच्या भागात प्रत्येकाला पाठ आहे. लहान लेकरं पळवून मारलेली. २००१ साली फाशीची शिक्षा झाली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टानं जन्मठेप केली. दिरंगाई सरकारदरबारी झाली, हे हायकोर्टानंच लिहिलंय. आणि सेशन्स कोर्टाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय देताच येत नाही. आरोपी गप्प बसला तरी फाईल वर जाते, कायद्यातच तसं आहे. हे सांगितलं, पण अण्णांना पटलं नाही.

मग मी पुण्याची केस काढली. १९९४ साली एका घरातली सात माणसं मारली. १९९८ ला फाशी, २००० साली सुप्रीम कोर्टाचंही शिक्कामोर्तब. त्यातल्या एकाचं वय कुणी नीट तपासलंच नव्हतं. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढं आलं, तर गुन्ह्याच्या दिवशी पोरगा साडेबारा वर्षांचा. २०२३ साली सुटला. अठ्ठावीस वर्षं आत काढून!

मास्तर इतका वेळ गप्प होते. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढलेला माणूस. म्हणाले, "जनरल रजिस्टर मी भरलंय रे. आई सांगायची, दुष्काळात झाला. मग मी एक जून लिहायचो. निम्मा वर्ग एक जूनचा. त्या ओळीवर तू माणूस सोडवणार?"

हा प्रश्न मला बापूंच्या प्रश्नापेक्षा जड गेला, कारण मास्तर खरं बोलत होते. "एकट्या त्या ओळीवर नाही," मी म्हटलं. "पुण्याच्या केसमध्ये तर रजिस्टरातलं नावही वेगळं होतं. म्हणून २०१९ साली सुप्रीम कोर्टानं पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला लावली. माझं कामच ते आहे, मास्तर. भावंडांचे दाखले बघायचे, कितवीत कधी गेला ते बघायचं, आईला भेटायचं. खालच्या कोर्टात एवढा वेळ कुणी दिलेला नसतो."

"आणि मेलेल्याच्या आईला कोण भेटतं?" बापूंनी विचारलं.

"मी नाही भेटत," मी म्हटलं. "मला त्या दारात उभं राहता येत नाही, बापू."

बापू उठले, चप्पल घातली आणि काही न बोलता पुलाकडं चालू लागले. त्यांना थांबवायचं धाडस मला झालं नाही.

मास्तरांनी पुडा गुंडाळून खिशात घातला. "तालुका कुठला तुझ्या माणसाचा?"

"जत."

"शाळा सकाळची आहे का विचार. हेडमास्तर ओळखीचा निघाला तर मी येतो बरोबर."