‘खरी मेटालिका १९८८ मध्ये संपली’ म्हणे!

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या चाहत्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय आणि प्रत्येक नव्या अल्बमच्या वेळी तो हमखास वर येतो. थोडक्यात असा: पहिले चार अल्बम म्हणजेच मेटालिका. १९८६ मध्ये बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन अपघातात गेला आणि बँडचा आत्मा गेला. १९९१ च्या, ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या अल्बममध्ये बॉब रॉक नावाच्या निर्मात्याने त्यांना मवाळ केलं. तिथून पुढे सगळं पैशासाठी, आणि म्हणूनच नंतरचे अल्बम लांबलचक, पोकळ.

यातलं एक वाक्य खरं आहे. बाकीची त्याच्या आधाराने उभी आहेत, म्हणून एकेक करून बघू.

मवाळपणापासून सुरुवात करू. ‘फेड टू ब्लॅक’ १९८४ चं आहे, दुसऱ्याच अल्बममधलं. अकूस्टिक गिटार, संथ चाल, आत्महत्येच्या विचारांबद्दलचे शब्द. आज ज्या अल्बमची शपथ घेतली जाते, त्याच ‘राइड द लाइटनिंग’मधल्या या गाण्यावरून तेव्हाच्या कट्टर थ्रॅशवाल्यांनी (थ्रॅश म्हणजे मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) ‘विकले गेले’ अशी बोंब मारली होती. १९८९ च्या सुरुवातीला ‘वन’चा व्हिडिओ आला, बँडचा पहिलाच, तेव्हा पुन्हा तीच बोंब. म्हणजे ‘विकले गेले’ हा आरोप ब्लॅक अल्बमहून सात वर्षांनी मोठा आहे. प्रत्येक पिढीने आपण बँड ऐकायला लागलो त्याच्या पुढच्या अल्बमवर तो केला, एवढंच.

क्लिफचा मुद्दा जरा हळुवारपणे घ्यायला हवा, कारण त्यात प्रेम आहे. स्वीडनमधल्या त्या बस अपघाताने बँडचं जे नुकसान झालं, ते भरून निघालं असं मी म्हणणार नाही. सुरावटींची, हार्मनीची जाण त्या चौघांत सर्वांत जास्त त्याला होती. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या तिसऱ्या अल्बममधल्या ‘ओरायन’चा मधला भाग ऐका, कळतं. पण दाव्यातली वर्षं तरी जुळवा! क्लिफबरोबर आत्मा गेला असेल, तर १९८८ चा चौथा अल्बम ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ (पुढे नुसता ‘जस्टिस’) सोनेरी काळात कसा धरता? त्यात बेस वाजवायला जेसन न्यूस्टेड आहे. माणूस गेला की बँड संपतो हाच नियम लावायचा तर मेटालिका पहिल्या अल्बमआधीच संपली होती. गिटारवादक डेव्ह मस्टेनला एप्रिल १९८३ मध्ये काढून टाकलं, ‘किल एम ऑल’ जुलैत आला, आणि त्यातल्या चार गाण्यांवर मस्टेनचं नाव आहे. शिवाय क्लिफ असता तर बँड थ्रॅशलाच चिकटून राहिला असता, हे कशावरून? तो बाख ऐकायचा, आर.ई.एम. हा रॉक बँड ऐकायचा. १९९६ च्या ‘लोड’ अल्बममधला प्रयोग कदाचित त्यानेच आधी सुचवला असता. हा माझा अंदाज आहे, पण समोरच्या पक्षाचाही अंदाजच आहे.

बॉब रॉकने बिघडवलं, हा तिसरा मुद्दा. इथे घटनांचा क्रमच उलटा लावला जातो. ‘जस्टिस’च्या दौऱ्यात दहा मिनिटांचं शीर्षकगीत वाजवताना समोरच्या प्रेक्षकांचे चेहरे उतरलेले दिसायचे. हे पुन्हा वाजवायचं नाही, असं बँडमध्येच बोलणं झालं, ही गोष्ट गिटारवादक कर्क हॅमेटने मुलाखतीत सांगितली आहे. आखूड, सुटसुटीत गाण्यांकडे वळायचं हे त्यांनी आपल्या मनाने ठरवलं. मग तसा भरीव आवाज काढून देणारा माणूस शोधला. बॉब रॉकने केलं ते मुख्यतः आवाजाचं काम: चौघांना एकत्र वाजवायला लावलं, बेसला जागा दिली.

आणि बेसचा विषय निघालाच आहे तर ‘जस्टिस’कडे बघू. न्यूस्टेडचा बेस त्यात जवळपास ऐकूच येत नाही. अल्बम मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्प्सनने नंतर सांगितलं की बेस खाली करायला ड्रमर लार्स उलरिकने लावलं. बाहेरच्या निर्मात्याने बँड बिघडवला म्हणणाऱ्यांच्या लाडक्या अल्बमचा आवाज असा बँडनेच बिघडवलेला आहे. (तरीही त्यातलं पहिलं गाणं ‘ब्लॅकन्ड’ सुरू झालं की मी तक्रार विसरतो, हेही खरं.)

आता पैसा. ब्लॅक अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त खपला. समजा, यापुढे फक्त पैसाच करायचा होता. मग सर्वांत बिनधोक वाट कोणती? दुसरा ब्लॅक अल्बम. पुढे त्यांनी काय केलं बघा. पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, केस कापून, डोळ्यांत काजळ घालून ‘लोड’ आणला. त्यात ब्लूजी रिफ आणि ‘मामा सेड’सारखं चक्क कंट्री वळणाचं गाणं. ‘लोड’ही खपला, पण तो आधीच्या अल्बमच्या नावावर खपला, आणि अर्धे चाहते चिडले. १९९९ मध्ये संगीतकार-संचालक मायकेल केमनबरोबर सॅन फ्रान्सिस्को सिंफनीच्या साथीने मैफल रेकॉर्ड केली. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये एकही गिटार सोलो नाही आणि स्नेअर ड्रमचा आवाज असा की पिंपावर कोणी काठी आपटतंय. २०११ मध्ये तर रॉक गायक लू रीडबरोबर ‘लुलू’, एका जर्मन नाटककाराच्या नाटकांवर बेतलेला दीड तासाचा अल्बम. हे लोभी माणसाचं वागणं असेल तर त्याला लोभसुद्धा नीट जमत नाही. यातलं बरंचसं मला आवडत नाही. ‘लुलू’ मी सलग ऐकू शकत नाही. पण फसलेला प्रयोग वेगळा आणि विकलं जाणं वेगळं.

मग पैशाचा आरोप एवढा पक्का का बसला? माझ्या मते याचं उत्तर २००० सालात आहे. त्या एप्रिलमध्ये बँडने नॅप्स्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून फुकट गाणी वाटून घेण्याच्या सेवेवर, दावा ठोकला आणि पुढच्याच महिन्यात लार्सने तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची यादी कंपनीकडे नेऊन दिली. आपल्याच श्रोत्यांची यादी! त्या दिवसापासून लोकांनी बँडचा आधीचा इतिहासही त्याच नजरेने वाचायला सुरुवात केली. खटल्याचा राग मला समजतो. पण २००० सालचा राग १९९१ च्या गाण्यांवर काढण्यात अर्थ नाही.

उरलं ते एक खरं वाक्य: नंतरचे अल्बम लांब आहेत. आहेतच. ‘राइड द लाइटनिंग’ ४७ मिनिटांचा, ‘मास्टर ऑफ पपेट्स’ जेमतेम ५५ चा. दोन्हींत आठच गाणी. ‘लोड’ ७९ मिनिटं, ‘रीलोड’ ७६, ‘सेंट अँगर’ ७५, २०१६ चा ‘हार्डवायर्ड’ आणि २०२३ चा ‘सेव्हन्टी टू सीझन्स’ प्रत्येकी ७७. पण या आकड्यांत पैशाचा माग लागत नाही, तबकडीचा लागतो. एलपीच्या दोन बाजूंवर पाऊण तासाच्या पुढे संगीत नेलं की आवाज पातळ व्हायला लागतो, म्हणून कात्री चालवावीच लागायची. सीडीने ती सक्ती काढून घेतली. आणि ही सूज सुरू झाली ती १९८८ मध्येच: ‘जस्टिस’ ६५ मिनिटांचा आहे, एका एलपीत मावला नाही, दोन काढाव्या लागल्या. उलट ज्याला ‘पतन’ म्हणतात तो ब्लॅक अल्बम त्याहून आखूड. ‘लोड’च्या वेळी तर सीडीही पुरेना, शेवटचं ‘द आउटलॉ टॉर्न’ सुमारे मिनिटभर छाटावं लागलं, आणि अख्खं गाणं पुढे एका सिंगलच्या मागे जोडून दिलं. म्हणजे सुचत नव्हतं अशातला भाग नाही, सुचलेलं टाकवत नव्हतं.

म्हणून नंतरचे अल्बम ऐकायचे तर कात्री आपणच हातात घ्यावी. ‘लोड’ आणि ‘रीलोड’ मिळून एक पन्नास मिनिटांचा अल्बम निघतो: ‘ब्लीडिंग मी’, ‘द आउटलॉ टॉर्न’, ‘फ्युएल’, ‘फिक्सर’ आणि आणखी चार-पाच. ‘हार्डवायर्ड’ची दुसरी तबकडी मी ‘स्पिट आउट द बोन’ सोडून सगळी गाळली तरी मला फरक पडत नाही. ‘सेव्हन्टी टू सीझन्स’मधली तीन-चार गाणी सहज जातील. त्यातल्या ‘इनॅमोराटा’ला मात्र मी हात लावणार नाही, आणि ते अकरा मिनिटांचं आहे, ‘लुलू’ सोडला तर बँडने स्वतः लिहिलेलं सर्वांत लांब गाणं.