पद्मिनीला इंजेक्शनचा पंप? जरा थांबा

"पेट्रोलचा मेकॅनिकल पंप काढून टाक, भंगारातून कुठल्याही इंजेक्शन गाडीचा इलेक्ट्रिक पंप आणून बसव. पिकअप वाढेल, घाटात गाडी बंद पडणार नाही." प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांना हा सल्ला फुकट मिळतो. मी तो ऐकून तसा पंप बसवलाही, म्हणून लिहितोय.

आधी "कुठल्याही" हा शब्द. इंजेक्शनचा पंप 40 पीएसआयच्या आसपास दाब देतो; कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, 2 ते 4 पुरतात. तिथे पेट्रोल अडवायला असतं काय? पेट्रोलच्या वाटीत तोंड बंद करणारी एक निडल आणि तिला वर रेटणारा फ्लोट. तरंगणाऱ्या डबीचा जोर तो किती! आठवडाभर गाडी तशीच दामटली. मग एका सकाळी चावी फिरवली, तर सेल मारायच्या आधीच वास आला. बॉनेट उघडलं, कार्ब्युरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत होतं. डिपस्टिक काढली, तर ऑइल पाण्यासारखं पातळ आणि त्यालाही पेट्रोलचाच वास. "दाब उतरवणारा रेग्युलेटर लाव की," असं लगेच सांगतात. पण 40 वरून 3 वर आणायचं तर टाकीकडे परतीची लाइनही हवी, आणि ती कुणी टाकत नाही.

पिकअपचं म्हणाल, तर किती पेट्रोल जायचं ते जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक, ठरवतो. 1089 सीसीची गाडी लिटरला 12 देत असेल, तर ताशी 80 ने तासाला 7 लिटरही लागत नाहीत. वाटी भरलेली असली की मागून नळ कितीही सोडा. जुन्या पंपाचा डायाफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) गेला असेल तर फरक जाणवेल, पण तो नव्या डायाफ्रामनेही जाणवला असता.

घाटाचा मुद्दा मात्र अर्धा खरा. मेकॅनिकल पंप तापलेल्या इंजिनाला चिकटून बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना लाइनमधला दाब उतरतो, पेट्रोल लवकर उकळतं, वाफ धरते. म्हणून तर पंपावर ओलं फडकं टाकायचो. मागून ढकललेलं पेट्रोल इतक्या सहज उकळत नाही. पण त्यासाठी पंप टाकीजवळ, खालच्या अंगाला हवा. वायर वाचवायला तो बॉनेटखाली लावला, तर ओढणं तेच, आच तीच.

आणि हे काही नवं तंत्र नव्हे. जुन्या इंग्लिश मॉरिस मायनर गाडीला कंपनीतूनच एसयू ब्रँडचा इलेक्ट्रिक पंप यायचा; वाटी भरली की त्याची टिकटिक थांबायची.

या सल्ल्यात कधीच नसतं ते एकच: इंजिन थांबलं की मेकॅनिकल पंप थांबतो, इलेक्ट्रिक पंप चावी चालू आहे तोवर ढकलत राहतो. ठोकर बसून पाइप तुटला तरीही. त्यामुळे फ्यूज, रिले आणि धक्क्याने करंट तोडणारा इनर्शिया स्विच यांवर पैसे वाचवू नका.

मी शेवटी कार्ब्युरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप टाकीजवळ लावला, त्याच्या आधी फिल्टर, आणि गेज लावून 3 पीएसआय बघून घेतला. जुन्या पंपाच्या जागी गॅस्केट घालून पट्टी मारली. तो पंप नवा डायाफ्राम घालून डिकीत ठेवलाय.